वाघिणीचे वय

मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. इंग्रजी शब्द मराठी जिभेवर रुळता रुळता त्याचे हे जनावर झाले, आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या आम्हांला लहानपणी त्यात काही विनोद आहे असे वाटलेही नाही. गेली दोन वर्षे अशी एक वाघीण आमच्या लिहिण्याच्या टेबलावर उभी आहे. लांबी १२३ मिलिमीटर, उंची ३७ मिलिमीटर. तळहातावर सहज मावेल एवढी. कोळसा वाहणारी 'बॉक्सएन' जातीची ही उघडी वाघीण प्रत्यक्षात १०.७१३ मीटर लांब असते आणि रिकामी असताना साडेबावीस टनांच्या आसपास भरते. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या जगात 'एचओ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १:८७ ह्या प्रमाणात आम्ही ती प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांतून उभी केली, रंगवली, आणि मग जे केले त्याविषयी हे टिपण आहे. आम्ही ती जुनी केली.

नवी कोरी वस्तू मुद्दाम जुनी करण्याच्या ह्या उद्योगाला छंदाच्या परिभाषेत 'वेदरिंग' म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द आम्हांला सापडला नाही. 'उन्हापावसाने खाल्लेले' असे विशेषण आपल्याकडे आहे. पण वस्तू ऊन-पावसाला मुद्दाम खाऊ घालणारा कोणी असेल, ही कल्पना त्यात नाही. कारखान्यातून आलेली प्रतिकृती कितीही बिनचूक असली तरी खेळण्यासारखी दिसते, कारण ती अजून कुठे गेलेलीच नसते. हे ओळखून ज्यांनी हिशेबीपणे मळवण्याची कला रूढ केली त्यांत जॉन अॅलन ह्या अमेरिकन छायाचित्रकाराचे नाव अग्रभागी घेतले जाते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे आपल्या घराच्या तळघरात त्याने एचओ प्रमाणात एक अख्खा डोंगराळ प्रदेश उभारला. त्याच्या रेल्वेचे नाव लिहायचे 'गोरे अँड डॅफेटिड' आणि वाचायचे 'गोरी अँड डिफीटेड', म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत. त्या इंजिनांवरची काजळी आणि लाकडी इमारतींचा उडालेला रंग पाहून छंदिष्टांची एक पिढी आपली चकचकीत इंजिने मळवू लागली. ह्याच काटेकोर वास्तववाद्याने डबे हलवण्यासाठी आपल्या यार्डात इंजिनाऐवजी एक स्टेगोसॉरसही ठेवला होता. १९७३ च्या जानेवारीत अॅलन वारला आणि त्यानंतर काही दिवसांतच लागलेल्या आगीत ती रेल्वे बहुतांशी नष्ट झाली.

ह्या कलेची कृती सांगण्यास सोपी आहे. आधी धुऊन घेतलेल्या प्लॅस्टिकवर अस्तर द्यायचे. मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून एअरब्रशने तो पातळ उडवायचा, कारण १:८७ ची वस्तू एका फुटावरून पाहणारा माणूस खरी वस्तू ८७ फुटांवरून पाहत असतो आणि तेवढ्या अंतरावर हवेमुळे रंग फिके दिसतात. मग तपकिरी-काळ्या रंगाचे पाणी सांध्यांत उतरू द्यायचे, उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा कुंचला फिरवायचा, आणि शेवटी खडूची रंगीत भुकटी बोटाने चोळायची. हात बसायला वर्ष जाते. पण ते वर्ष हातासाठी नसतेच. चांगला कारागीर डाग रंगवीत नाही, डागाचे कारण शोधतो. वाघिणीच्या खालच्या अंगाचा लालसर तपकिरी रंग केवळ मातीचा नसतो. ओतीव लोखंडाचे ब्रेक-ब्लॉक चाकांवर घासून त्यांची जी बारीक पूड उडते, ती दमट हवेत गंजून तिथे बसलेली असते. चाकाची बाजू तेलाने आणि धुळीने काळी, पण रुळाला टेकणारी कड मात्र चांदीसारखी लखलखीत, कारण ती रोज घासली जाते. भिंतींना आलेले फुगवटे नेहमी आतून बाहेर असावे लागतात, कारण कोळसा आतून दाबतो आणि तो उपसणाऱ्या यंत्राचा फावडाही आतूनच आदळतो. ओल्या कोळशातल्या गंधकाचे आम्ल होते, म्हणून पत्रा तळाशी आणि कोपऱ्यांत आधी जातो. बाहेरून आत गेलेला पोचा किंवा काठावर नक्षीसारखा चितारलेला गंज दिसला, की समजावे, कारागिराने वाघीण पाहिलेली नाही, दुसऱ्याची प्रतिकृती पाहिली आहे.

हे सारे आम्हांला ठाऊक होते, आणि ठाऊक असल्याचा अभिमानही होता. आमचे वडील, अण्णा, रेल्वेत टीएक्सआर होते. म्हणजे गाडी तपासनीस. मालगाडी यार्डात आली की हातोडी आणि टॉर्च घेऊन ते एका बाजूने शेवटापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत चालत येत. चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, आसाच्या टोकाशी हात लावून ते तापले आहे का पाहायचे, स्प्रिंग, ब्रेक, जोडणी नजरेखालून घालायची. जी वाघीण पुढे जाण्यायोग्य नसेल तिच्यावर खडूने 'सिक' लिहायचे. अशा आजारी वाघिणी कापून ज्या रुळावर नेत ती 'सिक लाइन'. आम्हांला अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातला खडू आठवतो. आईने कपडे भिजवताना तो काढायचा राहिला की आदल्या दिवशीचा सदराही पांढुरका होई. म्हणून आमची मांडणी भुसावळ यार्डाच्या एका कोपऱ्याची, आणि काळ १९८८ चा पावसाळा. त्या वर्षी आम्ही शाळेत होतो आणि डबा घेऊन अण्णांकडे जात असू.

वाघिणीचा गंज आम्ही सहा महिने केला. समोर नमुना म्हणून २००४ साली आम्हीच काढलेले एका बॉक्सएनचे छायाचित्र होते. तळाशी पत्रा चाळणीसारखा झालेला, दारे वाकलेली, रंग जाऊन जांभळट पापुद्रे सुटलेले. पाहताक्षणी गलबलून यावे असे ते लोखंड होते. बाजूवरची पांढरी अक्षरेही छायाचित्रावरून उतरवून घेतली. ती अक्षरे आमच्या प्रमाणात एक मिलिमीटरही उंच भरत नाहीत. पुरी झाल्यावर आम्ही ती वाघीण अण्णांच्या हातात दिली. अण्णा आता ८६ वर्षांचे आहेत. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे ते करू देत नाहीत. ते भिंग घेऊन खिडकीशी बसले आणि त्यांनी पहिल्याप्रथम वाघीण उलटी केली.

"गेज कमी आहे," ते म्हणाले. "ही आपल्या लायनीवर उभीच राहायची नाही. चाकं आत पडतील."

आम्ही खुलासा केला. बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा असतो; तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळाशी जुळतो. आपला रूळ १६७६ मिलिमीटरचा, त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. ते सगळे हाताने करावे लागते. अण्णांनी ठेकेदाराची सबब ऐकावी तसे ऐकून घेतले.

"साल कोणतं धरलंस?"

"अठ्ठ्याऐंशी, अण्णा. पावसाळा."

"अठ्ठ्याऐंशीला बॉक्सएन अशी कुठली? नवी वॅगन होती ती. पाच-सहा वर्षं झाली असतील येऊन. एअर ब्रेक, रोलर बेअरिंग, सगळं नवं. आम्हाला त्याचं ट्रेनिंग घ्यावं लागलं होतं." मग भिंग अक्षरांवर नेऊन बराच वेळ थांबून ते म्हणाले, "आणि रिटर्न डेट दोन हजार सहाची लिहिलीयस."

ती तारीख म्हणजे वाघिणीने संपूर्ण दुरुस्तीसाठी कारखान्यात परतण्याची मुदत. ती कोणी वाचील असे आमच्या मनातही आले नव्हते. अण्णांनी वाघीण सरळ करून टेबलावर ठेवली. "काम बारीक केलंयस," ते म्हणाले. "पण पत्रा असा गेलेली वॅगन माझ्याकडे आली असती, तर मी पुढे सोडली नसती रे. सिक केली असती."

आवाजात राग नव्हता, दुखावलेपणही नव्हते. गाडी आली, पाहिली, निर्णय दिला. दुखावलो आम्ही, आणि का ते कळायला काही दिवस जावे लागले.

वास्तववाद शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे रोलां बार्त ह्यांचा १९६८ चा 'वास्तवाचा परिणाम' हा निबंध सांगत आलो आहोत. फ्लोबेरच्या एका कथेतील घरात बॅरोमीटर आहे. कथेला त्याचा काही उपयोग नाही. बार्त म्हणतात, असले निरुपयोगी तपशील कशाचीही माहिती देत नाहीत. 'आम्ही वास्तव आहोत' एवढेच ते सांगतात. आमची २००६ ही तारीख असला बॅरोमीटर होती. अक्षरे आहेत एवढे दिसले की पुरे होते. ती काय म्हणतात ह्याच्याशी आम्हांला कर्तव्य नव्हते. अण्णांनी ती वाचली. परिणामासाठी मांडलेला तपशील त्यांनी माहिती म्हणून घेतला, आणि तिथे आमचे वास्तव कोसळले. क्लोद लेव्ही-स्त्रोस ह्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात लहान प्रतिकृतीच्या मोहाचे एक कारण दिले आहे: खऱ्या वस्तूपाशी आपण भागांकडून पूर्णाकडे जातो, प्रतिकृतीत मात्र पूर्ण आधी हाती येते. आम्ही त्या पूर्णाला भुललो होतो. अण्णा ३७ मिलिमीटरच्या वाघिणीपाशीही चाक, बेअरिंग, ब्रेक, पत्रा ह्याच क्रमाने गेले. आम्ही ८७ फुटांवर उभे होतो. ते आयुष्यभर हाताच्या अंतरावर होते.

आमची चूक केवळ सालाची असती तर ती पुसता आली असती. आम्ही १९८८ आठवत होतो आणि ते आठवताना त्याला वीस वर्षांचा गंज चढवीत होतो, कारण आमच्यासाठी ते साल आता जुने आहे. पण १९८८ साली १९८८ जुने नव्हते. त्या यार्डात पुष्कळ काही नवे होते, आणि जे जुने होते ते जुने होऊ नये म्हणून माणसे रात्रपाळी करीत होती. आम्ही ज्या क्षयाला सौंदर्य म्हणून गोंजारले, तो थोपवणे ही आमच्या वडिलांची नोकरी होती. त्यांच्या स्मरणार्थ म्हणून, तेही त्यांच्या हयातीत, आम्ही त्यांचे काम झालेच नव्हते असे एक यार्ड उभे करीत होतो.

हा दोष आमच्या टेबलापुरता आहे असे आम्हांला वाटत नाही. पडका वाडा, गंजलेली कडी, पोपडे सुटलेली भिंत असे तपशील कथेत आले की आपण त्यांच्यापुढे 'अस्सल' असा शेरा मारतो. उत्तरपत्रिका तपासताना आम्हीही मारला आहे. त्या वर्णनांत भिंत लिंपणारी बाई सहसा नसते. गेल्या दिवाळीत बदललेली कौले नसतात, नव्या खिळ्याने जुन्या चौकटीला दिलेला आधार नसतो. काळ फक्त खातो, अशी आपल्या वास्तववादाची एक भाबडी समजूत आहे. वापरात असलेली वस्तू झिजते आणि दुरुस्तही होते; तिचे वय ह्या दोहोंच्या हिशेबातून ठरते. नुसती झीज दाखवणाऱ्याने त्या वस्तूचे आयुष्य सांगितलेले नसते, तिला टाकून देणाऱ्याची नजर सांगितलेली असते.

आम्ही दुसरी वाघीण केली आहे. ती पहिल्यापेक्षा अवघड गेली, कारण दुरुस्ती ही गंजासारखी आपोआप सुंदर दिसत नाही. पाच-सहा वर्षांचा विटलेला तांबूस रंग. त्यात एका बाजूला ताज्या रंगाचा गडद चौकोन, आणि त्यावर १९८८ शी जुळेल अशी, अण्णांनी मोजून दिलेली तारीख. आतून फुगलेल्या एका दाराला जोडलेली पट्टी, तिच्या कडेला वेल्डिंगची काळपट रेघ. चार चाकजोड्यांपैकी एक नुकतीच बदललेली, म्हणून तिच्यावर तेलकट धुळीचा थर पातळ. पाहुण्यांना ही वाघीण आवडत नाही. रंग मध्येच का बदलला, असे ते विचारतात. अण्णांनी भिंगातून पाहिली, उलटी केली, आणि गेजविषयी पुन्हा एकदा बोलून खाली ठेवली.

पहिली वाघीण मोडून टाकावी असे आमच्या मनात होते. अण्णा नको म्हणाले. "सिक लाइन आहे ना तुझ्या यार्डात? तिकडे लाव." मग त्यांनी पांढरी पेन्सिल मागितली. एवढ्याशा पत्र्यावर खडूची रेघ प्रमाणात काढायची तर ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी हवी. आम्ही एका केसाच्या कुंचल्याने प्रयत्न करून सोडून दिला होता. अण्णांचा हात कापतो. त्यांनी अर्ध्या बाजूभर पसरेल असे 'सिक' लिहिले, खाली तारीख घातली, आणि ती १९८८ ची नव्हे, त्या दिवसाची होती.

कामाच्या शेवटी प्रतिकृतीवर निस्तेज वॉर्निशचा हात द्यायचा असतो. तो दिला नाही तर हाताळताना रंग आणि भुकटी निघून जाते. पण वॉर्निशखाली पांढरी खूण विरघळल्यासारखी नाहीशी होते, हेही आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून त्या वाघिणीला वॉर्निश दिलेले नाही. ती सिक लाइनवर उभी आहे, आणि टेबल पुसताना आम्ही तिच्या कडेकडेने पुसतो.