बेटावरचे गुरुजी

आमच्या कोपरगावात एखाद्या लग्नाला मुहूर्तच सापडत नसला की जाणती माणसं एकच सांगतात, "बेटात उरकून घ्या." बेट म्हणजे गोदावरीकाठचं बेट कोपरगाव, आणि तिथले यजमान शुक्राचार्य महाराज. पंचांगात गुरूचा किंवा शुक्राचा अस्त लागला की साऱ्या मुलखातली लग्नं थांबतात. बेटात थांबत नाहीत. खुद्द शुक्राच्या दारात उभं राहिल्यावर अस्त कसला, असा तिथला साधा सरळ हिशेब. माझ्या धाकट्या आत्याचं लग्न तिथंच लागलं, ऐन पावसाळ्यात. नदीला लाल पाणी आलेलं, मांडवाच्या कडेनं धारा लागलेल्या आणि भटजी पावसाच्या वर आवाज चढवून मंगलाष्टकं म्हणत होते. अक्षता ओल्या होऊन तळहाताला चिकटत होत्या, त्या फेकायच्या कशा हीच आम्हा पोरींची मोठी पंचाईत.

त्यामुळे शुक्राचार्य आम्हाला पोथीतून भेटलेच नाहीत. ते गावातले वडीलधारे होते. तापट, विद्वान, जीव लावणारे आणि त्यापायी सतत पोळून निघणारे. आबा, म्हणजे माझे आजोबा, शाळेत मास्तर होते. ते त्यांचा उल्लेख नेहमी 'गुरुजी' असाच करत, आणि दिवाळीच्या सुटीत आम्ही भावंडं जमलो की गुरुजींच्या गोष्टी निघत. फराळाचं ताट मध्ये, आजीचा हात करंज्यांवर आणि कान आबांकडे.

पाडव्याला अंगणात पाच रंगांच्या रांगोळीनं बळीराजा निघायचा, शेजारी विंध्यावली. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणत ओवाळलं जायचं. मग आजी बळीच्या उजव्या अंगाला रांगोळीचा एक पांढरा ठिपका ठेवायची. हे कुठल्या शास्त्रात नाही, आमच्याच घरचं. "राजा आला आणि त्याचा गुरू दाराबाहेर राहिला, असं कसं चालेल?" एवढंच ती म्हणायची. कामात कोणी आडवा आला की सगळा महाराष्ट्र त्याला झारीतला शुक्राचार्य म्हणतो. आमच्या घरात तसं म्हणायला बंदी होती.

आबांचं म्हणणं असं की गुरुजी झारीत शिरले ते शिष्याच्या मायेनं. भागवताच्या आठव्या स्कंधात ती झारी नाहीच, ती पुढच्या कथेकऱ्यांची. भागवतात आहे ते याहून अवघड आहे. इंद्राशी लढताना पडलेल्या बळीला शुक्राचार्यांनी जिवंत केलं, त्याच्याकडून विश्वजित यज्ञ करवला, त्याला पुन्हा उभं केलं. मग तो बटू येऊन तीन पावलं जमीन मागू लागला. हा बटू म्हणजे विष्णू, हे एकट्या गुरुजींनी ओळखलं. जीव आणि संसार वाचवण्यासाठी शब्द फिरवला तर त्यात मोठा दोष नाही, असं ते बळीला परोपरीनं सांगतात. केवढा मोठा आचार्य, आणि पोटच्या पोरासारख्या शिष्यासाठी खोटं बोलण्याचीसुद्धा मुभा काढून देतो! बळी ऐकत नाही. तेव्हा गुरुजी त्यालाच शापतात, तुझं वैभव जाईल म्हणून. मागाहून कथेकऱ्यांनी त्यांना दानाचं पाणी अडवायला झारीच्या तोटीत बसवलं आणि दर्भाच्या टोकानं त्यांचा एक डोळा घेतला. आबा इथं आले की आजीच्या देव्हाऱ्यातली तांब्याची झारी उचलून तिची तोटी आम्हाला दाखवत. बोराएवढं भोक. "एवढ्याशा जागेत मावायला माणसानं स्वतःला किती लहान करून घेतलं असेल?" असं विचारत, आणि आम्ही आळीपाळीनं त्या तोटीला डोळा लावून बघत असू.

गुरुजींच्या दुःखाची सुरुवात पार लहानपणापासून आहे. भृगूंचा हा मुलगा अंगिरसांकडे शिकायला राहिला. अंगिरसांचा स्वतःचा मुलगा बृहस्पती त्याच्याच बरोबरीचा. गुरू आपल्या मुलाला झुकतं माप देतो हे कळल्यावर तो तिथून निघाला आणि गौतम ऋषींच्या सांगण्यावरून गोदावरीच्या काठी शंकराची आराधना करून मृतसंजीवनी विद्या मिळवली, असं ब्रह्मपुराणातलं गौतमी माहात्म्य सांगतं. आमच्या नदीचा त्यांच्याशी संबंध आहे तो असा. शाळेत दुजाभाव झालेल्या मुलांबद्दल आबांना विशेष कळवळा होता, तो या कथेनं आणखी वाढला असावा.

मत्स्यपुराणात हीच तपश्चर्या वेगळी येते. गुरुजी धूर पिऊन तप करत असताना इकडे देवांनी असुरांवर चाल केली. असुर गुरुजींच्या आईच्या आश्रयाला गेले. तिनं त्यांना पाठीशी घातलं आणि विष्णूनं चक्रानं तिचं मस्तक उडवलं. भृगूंनी पत्नीला जिवंत केलं आणि विष्णूला शाप दिला, तुला पुन्हा पुन्हा माणसाच्या जन्माला यावं लागेल. हा शाप लक्षात ठेवायचा.

पुढं इंद्रानं आपली मुलगी जयंती तप मोडायला पाठवली. तिनं ते मोडलं नाही, सेवा केली. तप पुरं झाल्यावर गुरुजी दहा वर्षं तिच्याबरोबर जगाच्या नजरेआड संसारात राहिले. त्या दहा वर्षांत बृहस्पती त्यांचं रूप घेऊन असुरांकडे गेला आणि गुरू म्हणून गादीवर बसला. खरे शुक्राचार्य परतले तेव्हा असुरांनी त्यांनाच तोतया ठरवलं. इतकी वर्षं आम्हाला शिकवतोय तोच आमचा गुरू, तुम्ही जा, म्हणाले. ज्यांच्यासाठी धूर प्यायला, आई गमावता गमावता वाचली, त्यांनीच दारातून परत लावलं. संतापून त्यांनी असुरांना पराभवाचा शाप दिला, आणि प्रल्हादानं विनवलं तसे पुन्हा त्यांच्याचकडे आले. मास्तरकी करणाऱ्या माणसाला हे परत येणं फार कळतं. आबा इथं गप्प व्हायचे आणि आजी त्यांच्यापुढं चकलीची वाटी सरकवायची.

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे जिवतीचा कागद लागतो. नरसिंह, कालियामर्दन, मुलं खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि खाली हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. वार शुक्राचा, चित्रात बृहस्पती. मी लहान असताना रंगीत खडूनं त्या कागदाच्या कोपऱ्यात एक दाढीवाले गुरुजी काढून ठेवले होते. आजीनं त्यांनाही हळदकुंकू वाहिलं.

कचाची गोष्ट मात्र आबांकडून नव्हे, गावच्या देवळातल्या कीर्तनात ऐकायची. बेटात कचेश्वराचंही देऊळ आहे आणि हे सारं इथंच घडलं अशी आमच्याकडे समजूत. त्यामुळे बुवांच्या अंगात त्या रात्री वेगळंच बळ यायचं. बृहस्पतीचा मुलगा कच, संजीवनी शिकण्यासाठी देवांनी पाठवलेला, शुक्राचार्यांच्या दारात येऊन स्वतःचं खरं नाव-गाव सांगतो. आणि हे गुरुजी, ज्यांनी बृहस्पतीपायी शाळा सोडली, ज्यांची गादी बृहस्पतीनं बळकावली, ते त्याच्या मुलाला ये म्हणतात. तुझा मान तो बृहस्पतीचा मान, म्हणतात. सूड घ्यायची एवढी आयती संधी दुसरी कुठली?

मग ती संध्याकाळ. बुवा टाळ थांबवायला सांगायचे, नुसती चिपळी हळू वाजायची. गाई रानातून परतल्या आहेत, गुराखी नाही. देवयानी दारात उभी. बाबा, अग्निहोत्र झालं, सूर्य मावळला, गाई आल्या आणि कच आला नाही. त्याच्याशिवाय मी जगणार नाही. असुरांनी त्याचे तुकडे करून लांडग्या-कोल्ह्यांना घातले होते. गुरुजी हाक मारतात आणि तो उठून येतो. दुसऱ्या वेळी कुटून समुद्रात मिसळला, तरी आला. तिसऱ्या वेळी जाळून राख मद्यात कालवली आणि ते मद्य गुरुजींनाच पाजलं. आता कच पोटात. त्याला बाहेर काढायचं तर आपण मरणार, न काढावा तर मुलगी मरणार. तेव्हा हा माणूस आपल्या पोटातल्या शत्रुपुत्राला आपली सर्वात मोठी विद्या शिकवतो, मुला म्हणून हाक मारतो आणि म्हणतो, बाहेर पडलास की मला उठव. कच पोट फाडून बाहेर येतो आणि गुरूला जिवंत करतो. त्या क्षणी मांडवातल्या बाया पदरानं डोळे पुसत. मला अजून वाटतं, पुराणात याहून मोठा विश्वास कुणी कुणावर टाकला नसेल. विद्या हाती आल्यावर तो मुलगा तसाच निघून गेला असता तर?

उठल्यावर गुरुजींनी पहिलं काम काय केलं, तर मद्यपानावर बंदी घातली. खाडिलकरांनी 1913 च्या 'संगीत विद्याहरण'मध्ये हाच धागा धरून ठेवला. देवयानी बालगंधर्वांची. आकाशवाणीवर त्यातलं पद लागलं की आजी विळीवरून उठायची नाही, फक्त चिरणं थांबवायची.

देवयानी हे गुरुजींचं सगळ्यात नाजूक ठिकाण. कचानं तिला नाकारलं, आपण एकाच पोटातून आलो, भाऊबहीण झालो म्हणून. दोघांनी एकमेकांना शाप दिले. पुढं जलक्रीडेच्या वेळी वारा होऊन मुलींची वस्त्रं इंद्रानंच मिसळली. जयंतीची लेक म्हणून पाहिलं तर आजोबांनीच नातीच्या संसारात पहिली काडी टाकली. शर्मिष्ठेनं तिला मागत्याची मुलगी म्हटलं, विहिरीत ढकललं, ययातीनं हात धरून वर काढलं. गुरुजी आधी लेकीला क्षमेवर चांगला मोठा उपदेश करतात. महाभारतात तो वाचताना वाटतं, आता समजूत पटली. पण ती रडत राहते, आणि ते उठून राजा वृषपर्व्याला सांगतात, मी हे राज्य सोडतो. राजाची मुलगी शर्मिष्ठा दासी होते ती इथं. चुकलं का? चुकलंच. शर्मिष्ठेनं कुळासाठी जे निमूट पत्करलं ते पाहता तिच्यापुढं कुणाचाही माथा झुकावा. पण रडत्या लेकीसमोर हरलेला बाप मी घरोघरी पाहिला आहे.

गुरुजींना आणखी एक मुलगी होती, अरजा. रामायणाच्या उत्तरकांडात ती येते. इक्ष्वाकूचा मुलगा दंड हा राजा, शुक्राचार्य त्याचे पुरोहित. राजानं आश्रमात एकट्या असलेल्या अरजेवर बलात्कार केला. गुरुजींच्या शापानं सात दिवसांत धुळीच्या पावसाखाली ते राज्य बेचिराख झालं, तेच पुढं दंडकारण्य. लेकीला मात्र त्यांनी तिथंच सरोवराकाठी निर्धास्त राहायला सांगितलं, तिच्या आसऱ्याला येतील त्या जिवांनाही धूळ शिवणार नाही म्हणून. आपल्याकडे कुठल्याही पूजेच्या संकल्पात भटजी 'दंडकारण्ये देशे' म्हणतात. ते कानावर पडलं की मला अरजा आठवते. आपण राहतो ती भूमी एका बापाच्या संतापानं रान झालेली आहे.

आबांनी एकदा एक गोष्ट दाखवून दिली, ती माझ्या मनातून गेली नाही. गुरुजींचे शाप बघ, म्हणाले. असुरांना, बळीला, आपल्याच यजमान राजाला, जावई ययातीला. सगळे घरचे. बृहस्पतीला नाही, कचाला नाही. ज्यांच्यावर हक्क वाटला त्यांच्यावरच ते तुटून पडले. आणि शाप दिला की लगेच उतारा शोधायला लागायचे. ययातीला म्हातारपण दिलं, आणि तो गयावया करू लागल्यावर, दुसरं कुणी घेत असेल तर देऊन टाक, अशी वाट काढून दिली.

खांडेकरांची 'ययाति' 1959 ची. तिला पुढं ज्ञानपीठ मिळालं. मी ती पहिल्यांदा वाचली ती आबांच्या प्रतीत, पुठ्ठा शिवलेल्या. तिथं ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. गुरुजींना स्वतःचं प्रकरण नाही. समासात आबांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'बापाचं कोण लिहिणार?' शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'लाही आबा आम्हाला घेऊन गेले होते. अभिषेकीबुवांच्या संगीतानं सगळं नाट्यगृह भारलेलं, आणि परतीच्या एसटीत आबा मात्र खिडकीतून बाहेर बघत गुरुजींबद्दलच बोलत राहिले.

शेवटची गोष्ट ते वंशावळीची सांगत. देवयानीचा थोरला यदू. बापाचं म्हातारपण घ्यायला नकार दिला म्हणून राज्याला मुकला. त्याच यदूच्या कुळात कृष्ण जन्मला. ज्यानं गुरुजींच्या आईचं मस्तक उडवलं, ज्यानं त्यांच्या शिष्याला पाताळात लोटलं, त्याला भृगूंच्या शापानं माणसाच्या पोटी यावंच लागलं, आणि तो आला तो गुरुजींच्या लेकीच्या वंशात. गीतेच्या दहाव्या अध्यायात तो अर्जुनाला आपल्या विभूती सांगतो, त्यात कवींमध्ये मी उशना, असं म्हणतो. उशना म्हणजे शुक्राचार्य. पहाटे आबांचं गीतापठण चाले. त्या श्लोकापाशी ते हटकून थांबत आणि चुलीपाशी बसलेल्या आजीला मोठ्यानं सांगत, "ऐकलंस का गं, नातवानं नाव घेतलं."