खडकाबरोबर आलेले जीव

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत ज्याला ‘जिवंत खडक’ म्हणतात, तो स्वतः जिवंत नसतो. मृत प्रवाळांच्या त्या चुनखडी सांगाड्याला हे नाव मिळाले आहे ते त्याच्या छिद्राछिद्रांत वसलेल्या जीवसृष्टीमुळे. पाणी शुद्ध राखणाऱ्या जिवाणूंसाठी तो पेटीत ठेवला जातो. परंतु त्याच छिद्रांतून कृमी, खेकडे, गोगलगायी आणि समुद्रफुलेही नकळत येतात व पुढे कित्येक महिने, दिवे मालवल्यानंतरच, हळूहळू दृष्टीस पडू लागतात.

त्यांपैकी सर्वाधिक अन्याय होतो तो केसाळ कृमींवर. शरीराच्या दोन्ही कडांना पांढऱ्या, ठिसूळ केसांचे झुबके असलेला हा गुलाबी-तपकिरी जीव मेलेल्या माशाभोवती जमलेला दिसला, की मासा त्यानेच मारला असे गृहीत धरले जाते. वस्तुतः पेटीत आढळणारे बहुतेक केसाळ कृमी उरलेले अन्न आणि मृत शरीरे खाऊन पाणी नासण्यापासून वाचवतात, आणि त्यांचे केस बोटात रुततात एवढाच त्यांचा उपद्रव. मात्र त्यांच्याच नात्यातला ‘युनिस’ हा कृमी, ज्याच्या डोक्यावर पाच स्पर्शिका आणि अंगावर इंद्रधनुषी झाक असते, तो बळकट जबड्यांचा असतो, आणि त्याच्या काही मोठ्या जाती मासेही पकडतात. २००९ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या न्यूके येथील मत्स्यालयात प्रवाळ कुरतडलेले आणि मासे जखमी आढळू लागले. अखेर खडकांची सारी मांडणी उकलली, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा असा कृमी बाहेर आला.

काही जीव दिसण्याआधी ऐकू येतात. रात्री पेटीतून ‘टक्’ असा आवाज आला, तर तो दोघांपैकी कोणाचाही असू शकतो: मँटिस श्रिंप आपले गदेसारखे पुढचे पाय शिंपल्यावर आदळतो, आणि त्याच्या एका जातीत या आघाताचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे, पिस्तूल कोळंबी मात्र नांगी इतक्या झटक्याने मिटते की पाण्यात बुडबुडा निर्माण होतो आणि तो फुटताना आवाज होतो. फुटलेल्या शंखांचे तुकडे तळाशी सापडू लागले, तर संशय पहिल्यावर घ्यावा. दुसरी सहसा निरुपद्रवी असते, आणि तिच्या काही जाती तर गोबी माशाला आपल्या बिळात थारा देऊन त्याच्या तीक्ष्ण नजरेवर स्वतःचे रक्षण सोपवतात.

घाईची खरी किंमत ‘एप्टेशिया’ या तपकिरी, अर्धपारदर्शक समुद्रफुलाच्या बाबतीत मोजावी लागते, कारण ते खरवडले असता खडकाला चिकटून राहिलेल्या तळव्याच्या लहानशा कणातूनही नवे फूल वाढते आणि एकाच्या जागी अनेक उभी राहतात. ‘बर्गिया’ ही कवचहीन समुद्री गोगलगाय त्यावरच जगत असल्याने तिला पेटीत सोडणे हा अधिक शहाणपणाचा उपाय ठरतो.

म्हणून अनोळखी जीव दिसताच तो मारू नये. तांबड्या प्रकाशात त्याचे निरीक्षण करावे, संशय बळावल्यास त्याला वेगळ्या पेटीत हलवावे, आणि नकोसा झाला तरी जवळच्या खाडीत वा समुद्रात सोडू नये, कारण तो बहुधा त्या किनाऱ्याचा नसतो.