हमिंगचे मूळ

“आपल्या व्यवसायातील एखादा अनुभव लिहा” असे संपादक मंडळाने कळविले, म्हणून हा लेख. वसतिगृहातून बाहेर पडल्यावर मी रेडिओ व ध्वनिक्षेपक दुरुस्तीच्या कामात शिरलो आणि त्याच कामावर संसार उभा केला. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर आले, त्यांचेही दिवस सरले. त्यामुळे आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी असलेल्या माझ्या भाच्याने गिटारसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरी बांधायला घेतला, तेव्हा मला आश्चर्य वाटले आणि मनापासून आनंदही झाला.

गिटारवादकांना व्हॉल्व्हचा आवाज आजही प्रिय आहे. तार जोरात छेडली तरी आवाज एकाएकी फाटत नाही. तो हळूहळू दाणेदार होत जातो. भाच्याने फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’ या १९५० च्या दशकातील छोट्या ॲम्प्लिफायरचे सर्किट निवडले होते. पुढे एक १२ एएक्स ७, आवाजाला ताकद देणारा एक ६ व्ही ६ आणि रेक्टिफायर म्हणून ५ वाय ३, असे तीनच व्हॉल्व्ह. ताकद सुमारे ५ वॅट. सुटे भाग त्याने लॅमिंग्टन रोडवरून जमविले, चॅसीला भोके स्वतः पाडली. ॲम्प्लिफायर वाजू लागला. परंतु गाण्याच्या मागे अखंड “घूंऽऽ” असा आवाज येत राहिला.

जयंतीच्या कार्यक्रमात हाच ॲम्प्लिफायर वाजवायचा होता. तालमीच्या वेळी तो मिक्सरला जोडला तेव्हा हमिंग आणखी वाढले. तेथे आलेल्या एका साउंडवाल्याने सहज सल्ला दिला, “प्लगमधली अर्थची वायर काढून टाक, आवाज बंद होईल.” त्याने तसे करूनही दाखविले आणि हमिंग खरोखरच कमी झाले. भाचा उत्साहाने मला सांगू लागला, “मामा, तुम्ही ऐकून तर बघा, किती शांत झालंय!” मी आधी स्विच बंद केला, प्लग उघडला आणि ती वायर पुन्हा जागेवर बसविली.

याचे कारण प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून ॲम्प्लिफायरच्या चॅसीला जोडलेल्या असतात. एखाद्या दिवशी ट्रान्सफॉर्मरचे इन्शुलेशन गेले आणि २३० व्होल्टची फेज चॅसीला लागली, तर अर्थ जोडलेली असताना फ्यूज उडतो आणि प्रकरण तेथेच संपते. अर्थ नसेल तर फ्यूज उडत नाही. गिटारच्या ताराच जिवंत होतात. वादकाचा हात तारांवर आणि ओठ माइकला, म्हणजे विजेची वाट थेट छातीतून. ही काल्पनिक भीती नाही. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर, अर्थ नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. मी भाच्याला म्हणालो, “आवाज कुठून येतो ते शोधू. वेळ लागेल, पण शोधू.”

काम सुरू करण्यापूर्वी एक नियम मी त्याच्याकडून पाठ करून घेतला. या ॲम्प्लिफायरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. म्हणून प्लग काढायचा, रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामे करायचे, मीटर शून्यावर आल्याचे डोळ्यांनी पाहायचे आणि मगच हात घालायचा.

त्यानंतर आम्ही मिक्सर बाजूला ठेवला, गिटारही काढली आणि नुसता ॲम्प्लिफायर ऐकला. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरमधून गेल्यावर तिच्यातील लहर १०० हर्ट्झची होते. म्हणजे आवाजाची उंचीच दोषाचा पत्ता सांगते. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीला ९८ हर्ट्झचा स्वर मिळतो. हमिंग त्या स्वराशी जुळले तर संशय सप्लायच्या कंडेन्सरवर घ्यावा. त्याच स्वराच्या खालच्या सप्तकात असेल तर फिलामेंटच्या वायरिंगवर. आमचे हमिंग पहिल्या स्वराशी जुळले आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढेच राहिले. याचा अर्थ दोष व्हॉल्यूमच्या पुढे, सप्लायमध्ये होता. पहिला १६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जुन्या मालातला होता आणि आतून सुकला होता. त्या जागी २२ चा नवा बसविला. याहून फार मोठा घालू नये. रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो.

आवाज निम्म्याहून खाली आला. आता उरले होते ते खालच्या सप्तकातले हमिंग आणि ते व्हॉल्यूमबरोबर वाढत होते. पहिला व्हॉल्व्ह काढताच ते थांबले. म्हणजे त्याचा प्रवेश तेथूनच होत होता. चॅसी उलटून पाहिली, तर फिलामेंटच्या ६.३ व्होल्टच्या दोन्ही वायर सुट्या, ग्रिडच्या वायरला लागूनच गेलेल्या. आम्ही त्या एकमेकींना घट्ट पीळ देऊन कोपऱ्यातून नेल्या आणि दोन्ही टोकांपासून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर चॅसीला जोडला. दोन वायरमधील प्रवाह परस्परविरुद्ध असल्याने पिळामुळे त्यांचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांना बरेचसे छेदते.

मग गिटार जोडली. आता बारीक, टोकदार गुरगुर. भाचा गिटार घेऊन जागेवरच फिरला, तसा आवाज कमी-जास्त झाला. हा दोष ॲम्प्लिफायरचा नव्हताच. एकाच गुंडाळीचा पिकअप खोलीतील विजेचा गोंगाट ऐकत होता. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करताच गुरगुर नाहीशी झाली.

शेवटी पुन्हा मिक्सर जोडला आणि हमिंग परत आले. मिक्सर एका भिंतीच्या सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या. दोन्हींच्या अर्थ भिंतीतून जोडलेल्या आणि पुन्हा केबलमधूनही. असे वर्तुळ पूर्ण झाले की त्यातून प्रवाह फिरतो आणि आवाज घुमतो. साउंडवाल्याने अर्थ तोडल्यावर हे वर्तुळ तुटले होते, म्हणून शांतता आली होती. आम्ही दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घेतली आणि सिग्नलच्या केबलमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. वर्तुळ आताही तुटले, परंतु सिग्नलच्या बाजूने. प्लगमधील अर्थ जागेवर राहिली.

या कामात आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. जयंतीच्या दिवशी भाचा माइकला ओठ लावून निर्धास्तपणे गायला. ॲम्प्लिफायरमध्ये थोडी सळसळ राहिली होती, ती व्हॉल्व्हच्या जातीचीच आहे. गाणे सुरू झाले की ती ऐकू येत नाही.

माझ्या व्यवसायाने मला एक गोष्ट शिकविली आहे. आवाज बंद करणे सोपे असते. तो का येतो हे शोधायला एकेक भाग वेगळा करून धीराने ऐकावे लागते. एका हमिंगला चार कारणे निघाली. वायर तोडून भागविले असते, तर चारही आत तशीच राहिली असती आणि पाचवा धोका वर आला असता.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरात, वस्तीच्या सभागृहात आणि मंडपात सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे वायर असतेच असे नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी कोणी बोलाविले, तर मीटर घेऊन मी स्वतः येईन.