सात पावलांची वाट

घर सजवणे हा माझ्या हातचा गुण नव्हे. भिंतीत खिळा ठोकायला घेतला, तर आधी पोपडा पडतो आणि मागाहून खिळा वाकतो. तरीही काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, आमच्या साताऱ्याच्या घराचा कायापालट करण्याची बुद्धी मला झाली. सेवानिवृत्तीची रक्कम हाती आली की माणसाला असल्या बुद्धी होतात.

घर आजोबांच्या वेळचे. वाटण्या होऊन आमच्याकडे एका ओळीतल्या तीन खोल्या आल्या : ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागे परसू, जिथून अजिंक्यतारा दिसतो. माजघरात शिसवी झोपाळा, भिंतीला खुंट्या, हाताच्या उंचीवर कोनाडे. सजावटीच्या दोन-चार पुस्तकांतून मी नियम जमवले होते. खोली लहान असेल तर रंग फिकट द्यावा, म्हणजे ती मोठी वाटते. नजर कोठेही अडू नये. एका खोलीत एकच गोष्ट ठळक असावी, बाकीच्यांनी तिला मान द्यावा. नियम खोटे नव्हते, हे आजही म्हणेन. त्यांच्या आधारे मी कोनाडे बुजवले, खुंट्या उपटल्या, झोपाळा माळ्यावर टाकला, भिंती पांढऱ्या केल्या, खाली दुधी रंगाची फरशी बसवली. मधोमध कोच आणि त्याच्यापुढे काचेचा टिपॉय. काच अशासाठी, की नजर अडू नये.

फराळाला आलेल्या मंडळींनी तोंड भरून स्तुती केली. आई म्हणाली, "छान झालंय. मोकळं झालं." मग ती खिडकीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली, आणि पुढे सहा-सात महिने बहुतेक तिथेच बसून राहिली.

हे आम्हाला खटकायला हवे होते. एरवी दिवसभर घरात तिची येरझार असे. आता ती हाक मारून पाणी मागू लागली. कोणी दारातून आले तरी ओळख दिल्यासारखे करीना, बोलल्यावरच "अगबाई, तू होय!" म्हणे. सौ. म्हणाली, "आईंचं वय झालं आता." मीही मान हलवली. वयाच्या खात्यावर आपण काय काय मांडून मोकळे होतो!

मे महिन्यात एका रात्री वळीव कोसळला आणि वीज गेली. पूर्वी वीज गेली की आम्ही सारे जागच्या जागी खिळत असू आणि आईच अंधारातून सरळ जाऊन काडेपेटी आणी. त्या रात्रीही ती सवयीने उठली. पुढचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. टिपॉयची कड नडगीला लागली, ती हातावर पडली आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले.

हाडाच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले. पण मला खरे कळले ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आईला काचबिंदू आहे हे आम्हाला बारा वर्षे ठाऊक होते. थेंबांच्या बाटल्यांची नावे मला पाठ होती. आजार काय करतो हे मात्र मी कधी विचारलेच नव्हते. बहुधा आधी जाते ती कडेची नजर. समोरचे पुष्कळ काळ दिसत राहते. म्हणून माणूस वर्तमानपत्र वाचतो, तांदळातला खडा वेचतो, आणि पायाशी असलेल्या स्टुलाला अडखळतो. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने राहिलेली टिकवायची. त्यात फिकटावर फिकट ठेवले की एकाची कड दुसऱ्यात विरून जाते. मी आईला पांढऱ्या भिंती, दुधी फरशी आणि काचेचे टेबल दिले होते.

"घरात काय बदल करू?" मी विचारले.

डॉक्टर म्हणाले, "आधी होतं तसं करता येईल का?"

घरी आल्यावर आईने प्रथमच सांगितले. "झोपाळ्याच्या कडीला हात लावला की तिथून सात पावलं. डाव्या हाताला कोनाडा, त्यात काडेपेटी. मग उंबरा. उंबरा पायाला लागला की कळायचं, स्वयंपाकघर आलं." मी म्हटले, "मग आई, तेव्हाच बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू एवढ्या हौसेनं केलंस." आणि प्लॅस्टरचा हात मांडीवर नीट ठेवून घेतला.

तिला बघायला सांगलीहून ताई आली. तिच्या घरातली सजावटीची रीत अगदी निराळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा तिच्या माजघरात छातीइतके पाणी होते. तेव्हापासून विजेची बटणे उंचावर, कागदपत्रे माळ्यावर, आणि खाली लाकडाऐवजी लोखंडी कपाट. खोली सुंदर दिसते का, असे तिला कोणी विचारीत नाही, आणि विचारलेच तर ती काय उत्तर देईल ते येथे छापण्याजोगे नाही. आमच्या मुलुखात घरे अशीच घडत आली. पश्चिमेला महाबळेश्वराकडे पाऊस कोसळतो म्हणून उतरती छपरे. पूर्वेला माणदेशात तो रुसलेला, म्हणून मातीची सपाट धाबी. कोणाच्या घरात कशाची भीती आहे, ते छपरावरून ओळखावे.

ताईला औंधच्या यमाईचे दर्शन घ्यायचे होते. डोंगर उतरताना वाटेतल्या भवानी चित्रसंग्रहालयात शिरलो. चित्रकलेचे शोकी असलेल्या आणि स्वतःही चित्रे काढणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये उभारले. तेथे रविवर्म्याची, धुरंधरांची चित्रे आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे दगडातले मायलेकरूही आहे. लहानपणी वडिलांबरोबर मी तेथे गेलो होतो, तेव्हा चित्रे पाहिली. या खेपेस पाहिला तो उजेड. तो छताजवळच्या झरोक्यांतून येतो आणि चित्रावर पडतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घुसत नाही. ताई पुढे गेली, मी मात्र तेथेच उभा राहिलो. आईची खुर्ची आम्ही खिडकीकडे तोंड करून ठेवली होती, तिला अजिंक्यतारा दिसावा म्हणून! दिवसभर उजेड तिच्या डोळ्यांवर, आणि तिच्यासमोर येणारा प्रत्येक माणूस खिडकीला पाठ करून उभा. तिला आमची तोंडे काळी दिसत होती. आणि आम्ही म्हणत होतो, वय झाले.

त्या संध्याकाळी खुर्ची फिरवली. खिडकी तिच्या डाव्या खांद्यामागे आली, उजेड वर्तमानपत्रावर आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर पडू लागला. त्यात खर्च काहीच नव्हता. टिपॉय पुतण्याला दिला. त्याच्या घरी सगळ्यांचे डोळे धड आहेत. कोच भिंतीला लावला. झोपाळ्याच्या कड्या तुळईतच राहिल्या होत्या, नशीब. तो पुन्हा टांगला तेव्हा गवंड्याने विचारले, "मग काढला कशाला होता?" त्याच्याकडून एक कोनाडा पुन्हा कोरून घेतला, दुसऱ्यात पूर्वीच्या गवंड्याने इतके इमानेइतबारे सिमेंट भरले होते की तो निघेना. उंबऱ्याला गेरूचा गडद पट्टा दिला, विजेच्या बटणांभोवती काळी चौकट रंगवली. सौ.ने आईचा भात पांढऱ्या चिनी बशीतून काढून पितळेच्या ताटात वाढायला सुरुवात केली, आणि आई दोन घास जास्त जेवू लागली. त्या बशीत पांढऱ्यावर पांढरा भात तिला नीट दिसतच नव्हता.

घर आता मासिकातल्यासारखे दिसत नाही. एक भिंत गडद, एक पांढरी, आणि मधे फरशीवर झोपाळ्यापासून उंबऱ्यापर्यंत रिकामी जागा, तिथे काही ठेवायचे नाही असा दंडक. नातीने तिथे दप्तर टाकले की आजी ओरडत नाही, आजोबा ओरडतात. मनगट थोडे वाकडे जुळले आहे. पिठाची कणीक आई आता मळत नाही.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे सारे उठलो. बंबात पाणी तापलेले, उटणे कालवलेले, आणि नेमकी वीज गेली. कोणी मोबाइल शोधू लागले, कोणाचा पाय तेलाच्या वाटीत. झोपाळ्याची कडी कुरकुरली. मग उघड्या पावलांचा आवाज, फरशीवर, सावकाश. मी मनात मोजू लागलो. पाच. सहा. मग आवाज थांबला. माझा श्वासही थांबला.

अंधारातून आईचा आवाज आला, "हा रांगोळीचा डबा इथं कोणी ठेवलाय?"

पायाने डबा बाजूला सारल्याचा आवाज झाला, आणि काडी ओढली गेली.