पाणी कुठून जाईल?

तुमचं गाव कोकणात असेल, तर गडगा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. चुना-सिमेंट काही न लावता, नुसते जांभ्याचे दगड रचून घराभोवती, बागेभोवती घातलेली बुटकी भिंत, तो गडगा.

आमच्या रत्नागिरीकडच्या घराचा गडगा मीच पाडला. म्हणजे, त्यासाठी इंदूरहून पैसे मी पाठवले. काका दर मे महिन्यात ढासळलेले दगड पुन्हा बसवायचे. सत्तरीनंतर त्यांची ही मेहनत सुटावी, आणि खरं सांगू, सुट्टीत जाणाऱ्या आमच्या मुलांना घर जरा नीटनेटकं दिसावं, म्हणून चिऱ्यांची सिमेंटमधली भिंत घालून घेतली. यंत्राने कापलेले चिरे, गवंडीही लगेच मिळाला. गडगा घालणारं माणूस मात्र गावात शोधून सापडत नाही. जे होते ते थकले, त्यांची मुलं मुंबईला.

काका एवढंच म्हणाले होते, "पाणी कुठून जाईल गो?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गडग्याच्या फटींतून तो निमूट वाहून जायचा. नव्या भिंतीला फटच नाही. जुलैत पोफळींच्या मुळाशी घोटाभर पाणी तुंबलं आणि एका रात्री उताराकडची भिंत शेजाऱ्यांच्या अंगणात आडवी झाली. ज्यांच्याशी गडग्यावरून फणस-अळूची देवघेव चालायची, त्यांच्याशी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढले.

2018 मध्ये युनेस्कोने ग्रीस, इटली, क्रोएशियासह आठ देशांतली अशाच कोरड्या दगडी भिंती रचण्याची कला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. मी ते वाचलं, तेव्हा आमचा गडगा पडून वर्ष झालं होतं.

नशीब, काकांनी जुने दगड विकू दिले नव्हते. परसात ढीग होता. यंदा मेमध्ये आठवडाभर राहिले. काका खुर्चीवर बसून सांगत होते, मी दगड उचलत होते. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा मुलगाही न बोलावता आला. मोठे दगड तळाला, दोघांच्या सांध्यावर तिसरा, वर जाताना भिंत निमुळती, डुगडुगला तर खाली कपची. ऐकायला सोपं! एक दगड बसवायला मला अर्धा तास लागला. काका उठले, पायाने हलवून पाहिला.

"काढ. उलटा बसव."