तुझा फारम कोण भरतंय?

माझ्या कॅलिपरला गुडघ्यापाशी बिजागरी आहे. बसताना तिची कडी वर ओढायची, पाय सरळ केला की ती आपसूक खाली पडते. उन्हाळ्यात बिजागरी कोरडी पडून कुरकुरते. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या त्या ओसरीवर मी टेकले, तेव्हा आजींनी आधी तो आवाजच ऐकला. त्यांना दिसत नव्हतं.

"लोखंड घातलंय व्हय गं पायात?"

"हो आजी. लहानपणी पोलिओ झालेला."

प्रबंधासाठी मी अपंगांच्या मुलाखती घेत होते. घराबाहेर पडताना अपंगत्वामुळे अडचण येते का, हा बारावा प्रश्न. आजी हसल्या. "अडचण कसली? गाव पाठ हाय मला. औंदा गटार उकरलं अन् तसंच टाकलं, तवा पडले. माझा पुतण्या बी पडला की. त्याला तर चांगलं दिसतंय."

प्रश्नापुढे चौकटी दोनच, होय आणि नाही. गटाराला चौकट नव्हती. मी 'होय'वर खूण केली आणि कारणाच्या रकान्यात 'अंधत्व' लिहिलं. पेन जरा अडखळलं, पण लिहिलं. पान उलटल्याचा आवाज ऐकून आजींनी विचारलं, "मंग तुझा फारम कोण भरतंय?"

मला उत्तर सुचलं नाही.

मायकेल ऑलिव्हर हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ तरुणपणी पोहण्याच्या तलावात मान मोडून घेऊन बसले आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत काढून प्राध्यापक झाले. 1980च्या दशकात ब्रिटिश सरकारने अपंगांची मोठी पाहणी केली. तिच्यातले प्रश्न ऑलिव्हरनी 1990च्या आपल्या पुस्तकात एकेक करून उलटे केले. वस्तू धरताना, फिरवताना तुम्हाला त्रास होतो तो कोणत्या व्याधीमुळे, असं सरकार विचारत होतं. ऑलिव्हरनी विचारलं, बरण्या-बाटल्यांच्या घडणीत असं काय चुकलंय की तुम्हाला त्रास व्हावा? हे मी ग्रंथालयात वाचलं होतं, टिपणंही काढली होती. तरी ओसरीवर बसून गटाराच्या जागी 'अंधत्व' लिहिलंच.

आपल्या जनगणनेने तर आमच्याशी लपंडावच मांडला. इंग्रजी अमलात आंधळे, मुके-बहिरे, वेडे, कुष्ठरोगी असे रकाने होते. 1931 नंतर ते गेले, 1981 साली परतले, 1991 साली पुन्हा गायब. 2001 पासून मोजणी परत सुरू झाली. 2011 साली आम्ही 2 कोटी 68 लाख भरलो. त्यातली एक मी. प्रगणकाने माझ्याबद्दलचं सगळं माझ्या भावाला विचारलं, मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. अपंगचं विकलांग झालं, विकलांगचं दिव्यांग. प्रमाणपत्रावरचे माझे 55 टक्के मात्र हलले नाहीत. उरलेले 45 कशाचे, हे डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं.

प्रबंधाच्या पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात मी कॅलिपरवर एक परिच्छेद लिहिला होता. लोक आधी माझ्या पायाकडे बघतात, मग माझ्याशी बोलतात, काही जण तर त्या पायामुळेच बोलतात, एवढंच त्यात होतं. मार्गदर्शकांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारली. समासात शेरा: 'वैयक्तिक. वस्तुनिष्ठतेला बाधा.' दोन धड पायांनी ओसरी चढणाऱ्याला आपल्या पायांचा खुलासा द्यावा लागत नाही, त्याची वस्तुनिष्ठता जन्मजात! संशोधकाने स्वतःची जात, स्वतःचं बाईपण प्रबंधात मांडलं तर हल्ली हरकत घेत नाहीत, उलट मागून घेतात. पाय मात्र घरी ठेवून यायचा.

मी भांडले नाही. परिच्छेद काढला. पुढच्या फेरीला निघण्याआधी बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंबही सोडले. मुलाखतीत उगाच व्यत्यय नको.

आजी ओसरीवरच होत्या, शेंगा फोडत. मी पायरी चढून भिंतीला टेकले, कडी ओढली, बसले. त्यांचा हात थांबला.

"कोन हाय?"

"मी, आजी. मागं आले होते ना, फॉर्म घेऊन."

"मंग आवाज कुटं गेला तुझा?" त्या जरा रागावल्याच. "गुमान येऊन बसलीस, मला वाटलं कोन परकंच आलं."

मी वहीत तारीख लिहिली. तिच्याखाली आजींचं वाक्य लिहून ठेवलं आणि ओंजळभर शेंगा पुढ्यात ओढल्या.