मैलांचा हिशेब

तीन वर्षांपूर्वी भाईजान कुवेतहून रजेवर आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. मुलांनी आशेनं झाकण उघडलं. आत बिस्किटं नव्हती. विमानाच्या बोर्डिंग पासचे तुकडे होते, वर्षवार रबर लावून नीट ठेवलेले. आम्हांला हसू आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माणूस काय काय जपून ठेवतो, असं वाटलं. भाईजान म्हणाले, "हसू नकोस. हे अम्मीचं तिकीट आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशाला दर प्रवासामागे काही मैल खात्यावर जमा करतात. पुरेसे मैल साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट मिळतं. ही पद्धत अमेरिकेतली. तिथल्या अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ साली अशी योजना काढली आणि मग सगळ्यांनीच तिचा कित्ता गिरवला. पुढं कंपन्यांनी आपसांत करार केले. १९९७ साली स्टार अलायन्स, १९९९ साली वनवर्ल्ड, २००० साली स्कायटीम असे त्यांचे मोठे गट झाले. सौदिया २०१२ साली स्कायटीममध्ये गेली, एअर इंडिया २०१४ साली स्टार अलायन्समध्ये. त्यामुळे एका कंपनीचे मैल दुसऱ्या कंपनीच्या विमानात चालू लागले. भाईजानचे मैल ज्या कंपनीचे होते तिचं विमान मुंबईहून थेट जिद्द्याला जात नव्हतं, पण तिच्या भागीदार कंपनीचं जात होतं. अम्मीला उमराह घडवायचा, तोही मध्ये कुठं विमान न बदलता, हा भाईजानचा बेत होता. अम्मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. गुडघे कामातून गेलेले.

पासचे तुकडे जपायचं कारणही साधं होतं. भागीदार कंपनीच्या विमानातून गेलं की मैल कधी कधी खात्यावर चढतच नाहीत. मग तुकडा दाखवून ते मागावे लागतात. भाईजान तसे कागदाचे पक्के.

त्या रात्री आम्ही दोघे भाऊ पडवीत बसून डब्यातले तुकडे चाळत होतो. कुवेत ते मुंबई अंतर साधारण १,७०० मैल. पण स्वस्त तिकिटावर पूर्ण मैल मिळत नाहीत, कधी निम्मे, कधी चौथाई. वर्षाकाठी एकदा घरी येणाऱ्या माणसाचे असे कितीसे साठणार? खरी भर पडली ती कंपनीनं त्यांना यंत्रांच्या प्रशिक्षणाला तुर्कस्तान, जर्मनीला पाठवलं तेव्हा. शिवाय त्यांच्या योजनेत एक सवलत होती. काही योजनांत प्रत्येक मैल ठरावीक मुदतीनंतर आपला मरतो. यांच्या योजनेत तीन वर्षांत एकदा तरी खात्यावर हालचाल झाली की सगळे मैल जिवंत राहत. कोविडच्या काळात विमानं बंद पडली तेव्हा इतर बहुतेक कंपन्यांप्रमाणं यांच्याही कंपनीनं मुदत वाढवून दिली. असे २००९ पासूनचे ९२,००० मैल जमले होते.

तुकडे चाळताना आम्ही गप्प होत गेलो. २०११ चा तुकडा, आपाच्या मुलीचं लग्न. २०१३ चा, भाईजानच्या धाकट्याचं आजारपण. मार्च २०१६ चा तुकडा हाती आला तेव्हा भाईजाननी तो आमच्या हातून घेतला आणि पुन्हा रबराखाली सारला. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हाचा तो. भाईजान मुंबईत उतरले तेव्हा इकडे जनाजा उठला होता. ते गावी पोचले ते थेट कब्रस्तानात गेले. त्या प्रवासाचे मैलही बाकीच्या मैलांत मिसळून खात्यावर होते.

एका प्रवासाचे मैल मात्र कुठल्याच खात्यावर नव्हते. भाईजान १९८८ साली कुवेतला गेले. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा तिथं घुसल्या. इथं महिनाभर आम्हांला त्यांची खबर नव्हती. ते बसनं बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला आले. त्या दोन महिन्यांत एअर इंडियानं जवळजवळ पाचशे फेऱ्या करून लाखाहून जास्त माणसं आणली. त्यातले ते एक. आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. वर्षभर गावात राहिले आणि पुन्हा गेले. आम्ही तेव्हा नुकतेच शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. घरात एकानं राहायचं आणि एकानं जायचं, ही वाटणी कुणी तोंडानं केली नाही. ती होऊन गेली.

सकाळी अम्मीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकिटं कंपनीनं काढली होती ना? मग मैल कंपनीचे नाहीत का?"

आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. हा प्रश्न अम्मीच्याच डोक्यात आला असं नाही. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं २००६ साली निकाल दिला आहे की, मालकाच्या पैशानं केलेल्या प्रवासाचे मैल मालक मागू शकतो. अमेरिकेनं उलट, २००१ च्या अखेरीस कायदा करून सरकारी नोकरांना असे मैल स्वतःसाठी वापरायची मुभा दिली. आम्ही हे वाचलं ते नंतर. अम्मीनं ते न वाचताच विचारलं होतं. भाईजाननी तिथल्या तिथं आपल्या साहेबाला लिहून विचारलं. तुमचे मैल तुमचेच, असं उत्तर दोन दिवसांत आलं. ते आम्ही अम्मीला वाचून दाखवलं.

तिचा दुसरा प्रश्न होता, "सगळे प्रवासाचेच ना?" नव्हते. १६,००० मैल क्रेडिट कार्डाच्या खरेदीवर मिळालेले होते. भाईजाननी कधी बिल थकवलं नव्हतं, व्याजाचा एक पैसाही दिला नव्हता. आमच्या जमातीच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, व्याज दिलं-घेतलं नसेल तर कार्ड देणाऱ्यानं खुशीनं दिलेली ती भेट समजायला हरकत नाही, पण उलेमांत यावर एकमत नाही. अम्मी म्हणाली, "एकमत नाही ना? मग ते बाजूला ठेवा. माझ्या सासऱ्यांनी बोटीनं हज केला तो भाताच्या पैशानं, पै पै साठवून." आमचे आजोबा मुंबईहून मुघल लाइनच्या बोटीनं गेले होते. त्या हजच्या बोटी १९९५ साली कायमच्या थांबल्या. आजोबांच्या हिशेबाच्या वहीपुढं आमचा डबा फिका होता.

राहिले ७६,०००. तेव्हाच्या तक्त्यात मुंबई-जिद्दा येण्याजाण्याला माणशी २५,००० लागत. म्हणजे तिघांची सोय. अम्मी, आपा आणि आम्ही. भाईजान कुवेतहून स्वतःच्या खर्चानं येऊन मिळणार होते. तिकिटं काढायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही निवृत्त, वेळ भरपूर, आणि मोबाइलवरचं इंग्रजी थोडंफार कळतं.

काम सोपं नव्हतं. मैल असले म्हणजे जागा मिळते असं नाही. विमानातल्या ज्या जागा विकल्या जाणार नाहीत असा कंपनीचा अंदाज असतो, त्यांतल्याच थोड्या ती मैलांसाठी सोडते. त्यांतल्याही मोजक्याच भागीदारांच्या वाट्याला येतात. कारण भागीदाराकडून ठरलेल्या दरानं जे पैसे मिळतात ते पूर्ण भाड्याहून पुष्कळ कमी असतात. त्यामुळे रोख पैसे देणाऱ्याला विमानात वीस जागा दिसतात आणि मैलवाल्याला एकही नाही. रमजानात तर नावच नको. जागा सुटतात त्या बहुधा साधारण अकरा महिने आधी, नाहीतर अगदी शेवटच्या पंधरवड्यात. कधी पडद्यावर जागा दिसते, सगळी माहिती भरावी आणि शेवटी चूक झाल्याचा संदेश यावा. मुलगा अशा जागेला भुताची जागा म्हणायचा. आम्ही फजरच्या नमाजनंतर मोबाइल घेऊन बसायचो. घरात थट्टा होऊ लागली की यांची तस्बीह बदलली.

डिसेंबर २०२३ मध्ये एका सकाळी जागा दिसल्या. पुढच्या नोव्हेंबरातल्या एका तारखेला, जातानाच्या आणि येतानाच्याही. दोन होत्या.

दोनच होत्या. आम्हांला तीन हव्या होत्या.

इथं आम्हांला कबूल केलं पाहिजे. त्या दोन जागा तेव्हाच अम्मी आणि आपाच्या नावावर करता आल्या असत्या. तिसरी मागाहून मिळाली असती किंवा नसती. आम्ही मनाशी म्हटलं, तिघे एकत्रच गेलेले बरे, अम्मीला सांभाळायला दोघं हवीत, आज ना उद्या तीन सुटतील. हे सगळं खरं होतं. पण त्याखाली दुसरंही काही होतं. पस्तीस वर्षं अम्मीजवळ आम्ही राहिलो. तिची औषधं, डॉक्टर, रात्रीची उठबस, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा तिला उचलून माळ्यावर नेणं. आणि काब्याजवळ तिचा हात धरायला भाईजान असणार आणि आम्ही इथं, हे आम्हांला सोसत नव्हतं. आम्ही कुणाला काही बोललो नाही. थांबलो.

जानेवारीत कंपनीनं तक्ता बदलला. आधी कळवलं नाही. एका सकाळी पाहतो तर २५,००० च्या जागी ३७,५००. ७६,००० मैलांत तिघांऐवजी दोघांचीच सोय उरली. आणि आम्ही थांबलो नसतो तर दोघींच्या तिकिटांनंतर २६,००० शिल्लक राहिले असते.

भाईजानना फोन केला. डिसेंबरातल्या दोन जागांची गोष्टही सांगितली. ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "तुझं तिकीट मी पैशानं काढतो." आम्ही नको म्हटलं. पुरानंतर घराची डागडुजी त्यांच्याच पैशांवर झाली होती. वर पतपेढीचं कर्ज आमच्या डोक्यावर होतं. कर्ज असताना उमराहला जाऊ नये, हे अम्मीचंच म्हणणं. तिच्याबरोबर आपा असणं गरजेचं होतं, वजू, न्हाणं, कपडे ही कामं मुलाच्या हातची नव्हेत. म्हणजे राहायचं कुणी, हा प्रश्नच उरला नाही.

अम्मीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू घरी असलास की मला मागची काळजी नाही." आयुष्यभर हेच वाक्य आम्ही ऐकत आलो आहोत.

फेब्रुवारीत पुन्हा दोन जागा सुटल्या. या वेळी आम्ही क्षणाचाही विलंब केला नाही. तरी अडलंच. अम्मीच्या पासपोर्टवर एकच नाव, पुढं 'बी' जोडलेलं. आडनावाची जागा कोरी. आमच्या जुन्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं असंच आहे. फॉर्म आडनावाशिवाय पुढं सरकेना. मुलगा म्हणाला, काहीतरी टाकून द्या. आम्ही टाकलं नाही, कारण पासपोर्टशी नाव जुळलं नाही तर विमानतळावरून परत यावं लागतं. फोनवर चाळीस मिनिटं थांबून कंपनीच्या माणसाकडूनच त्यांच्या पद्धतीनं नाव भरून घेतलं. फुकटचं तिकीट म्हणतात, पण कर आणि इंधनाचा अधिभार मिळून दोघींचे सत्तावीस हजार रुपये रोख भरावे लागले. तिकीट एका कंपनीचं, विमान दुसऱ्या कंपनीचं, म्हणून बुकिंगचे क्रमांकही दोन. दुसरा क्रमांक मागून घेतल्याशिवाय भागीदाराकडे व्हीलचेअरची नोंद होत नाही, हे आम्ही विचारत विचारत शिकलो. वाचकांपैकी कुणी या वाटेनं जाणार असेल तर एवढं ध्यानात ठेवावं. आणि दोन जागा दिसल्या तर दोन घ्याव्यात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघींना मुंबईच्या विमानतळावर सोडलं. काचेपलीकडे अम्मीची व्हीलचेअर वळली तेव्हा तिनं हात वर केला, आम्हांला की कुणाला ते कळलं नाही. मुंबई ते जिद्दा साधारण २,२०० मैल. मध्ये यलमलमच्या आधी सूचना झाली आणि तिनं बसल्या जागी नियत केली, असं आपानं मागाहून सांगितलं. आजोबांनीही बोटीवर तिथंच एहराम बांधला होता.

तिकडून फोटो आला. भाईजान व्हीलचेअरच्या मागं उभे, अम्मीचा हात त्यांच्या हातावर. खरं सांगायचं तर तो फोटो आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा नीट पाहवला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला. भाईजानचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत, हे आमच्या तेव्हा ध्यानात आलं. रजेच्या महिन्याभरात हे कधी दिसलं नव्हतं. चौदा दिवस ते तिच्याजवळ राहिले. आपा म्हणाली, रात्री अम्मीच्या पायांना तेल तेच लावायचे, मला लावू देत नव्हते. मार्च २०१६ बद्दल ते अम्मीशी बोलले की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

परत आल्यावर अम्मीनं झमझम आणि खजूर गावभर वाटले. संध्याकाळी डबा मागवून घेतला. तिच्याजवळ दोन्ही वेळचे पासचे तुकडे होते, ते तिनं आत ठेवले आणि विचारलं, "याचे किती मिळाले?"

मैलांवर काढलेल्या तिकिटाचे मैल मिळत नाहीत. तसा नियमच आहे. आम्ही तिला सांगितलं, "काही नाही, अम्मी."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता साठवू नका."

खात्यावर १,००० मैल उरले आहेत, आणि ते बाजूला ठेवलेले १६,०००. भाईजान येत्या वर्षी कायमचे परत यायचं म्हणतात. पतपेढीचे चार हप्ते राहिले आहेत. ते फिटले की आम्ही आमचं तिकीट रोखीनं काढू, इन्शाअल्लाह.